हुंडणावळ आणि घरची भिंत

या सदरांत आम्ही बहुधा मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांचा मान, सणवार आणि घरखर्च असल्या विषयांवर लिहीत असतों. या महिन्यांत मात्र परदेशांत राहणाऱ्या मुलांनीं तेथील नाण्याचे डॉलर किंवा पौंड कसे व केव्हां करून घ्यावे, या विषयावर लिहावयाचें योजिलें आहे. विषय रुक्ष समजून कित्येक भगिनी हें पान उलटतील अशी आम्हांस भीति वाटते. पण त्यांनीं तसें करूं नये, अशी विनंति आहे. कारण पुढें जी हकीकत सांगावयाची आहे, तिच्यांत शहाणपणाचा शब्द आमच्या स्वयंपाकघरांतून आला होता, आणि चुकीचा शब्द आमचा स्वतःचा होता. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृताबरोबर गणिताचेही तास घेतलेल्या माणसाला हें लिहितांना आनंद होत नाहीं. तथापि आपली चूक झांकून दुसऱ्यास उपदेश करणें हा शिक्षकाचा धर्म नव्हे.

आमच्या लहानपणीं भंडाऱ्यांतील मुलगा नागपुरास शिकावयास निघाला म्हणजे घरांतून त्याच्या हातावर दहीं घालीत, आणि तो मुंबईस नोकरीस लागला म्हणजे गल्लींत पेढे वाटले जात. आज वैनगंगेच्या कांठच्या या लहानशा शहरांतील आणि तुमसर, साकोली, पवनी या बाजूंची घरें पाहिलीं, तर कोणाचा मुलगा दुबईस, कोणाची मुलगी टोरांटोस, कोणाचा जांवई आफ्रिकेंत, अशी स्थिति दिसते. मुलें दूर गेलीं तरी घर एकच राहतें, आणि एकत्र कुटुंबाचा हिशेब आतां दोनतीन देशांच्या नाण्यांत होऊं लागला आहे. हिशेब होतो खरा, पण त्याचे नियम घरांत कोणास ठाऊक नसतात.

परक्या मुलखांत जाऊन नाणें बदलून घेणें ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाण्यांची पारख करणाऱ्या रूपदर्शक नांवाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. आणि ज्यास आपण रुपया म्हणतों, त्या शब्दाच्या मुळाशीं असलेला रूप्य हा शब्द पाणिनीनें ठसा उमटविलेल्या नाण्याच्या अर्थीं साधून दाखविला आहे. ठसा ज्या राजाचा, त्याच्या सीमेपर्यंतच त्या ठशाचा अधिकार. सीमा ओलांडली कीं पुढें सराफाचा अधिकार सुरू होतो. आमचा हा प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता, तेव्हां येथें नागपुरी रुपया चाले. कंपनी सरकारनें १८३५ सालीं आपल्या मुलखासाठीं एकच रुपया ठरविला. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. तोंपर्यंत आमच्या पूर्वजांना समुद्र न ओलांडतांही नाणें बदलून घ्यावें लागे. बदलतांना सराफ जें कापून घेई त्यास बट्टा म्हणत, आणि एका पेठेची रक्कम दुसऱ्या पेठेस हुंडीनें पाठविण्याबद्दल जें द्यावें लागे त्यास हुंडणावळ म्हणत. पुढें दोन देशांच्या नाण्यांतील विनिमयाच्या दरासही मराठी वर्तमानपत्रें हुंडणावळच म्हणूं लागलीं.

या हुंडणावळीचा प्रश्न आपल्या देशांत एकदां फार गाजला. १९२६ सालीं हिल्टन यंग कमिशननें रुपयाचा दर अठरा पेन्स ठेवावा अशी शिफारस केली, व १९२७ सालीं तसा कायदा झाला. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनीं सोळा पेन्सांचा आग्रह धरून आपलें भिन्न मत नोंदविलें होतें. दोन पेन्सांसाठीं एवढा वाद कां, तें गणित करून पाहावें. पौंडाचे पेन्स २४०. अठरा पेन्सांच्या दरानें पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै पडत. सोळा पेन्सांच्या दरानें १५ रुपये पडले असते. विलायतेंत शिकणाऱ्या मुलास वर्षाला ३०० पौंड पाठवावयाचे, तर पहिल्या दरानें ४००० रुपये लागत व दुसऱ्या दरानें ४५०० लागले असते. म्हणजे मुलाच्या बापाला महाग रुपया सोयीचा. पण त्याच घरांतील जो भाऊ शेतीवर असे आणि ज्याचा कापूस विलायतेस जाई, त्याच्या एका पौंडाच्या मालाला १५ ऐवजीं १३ रुपये व कांहीं आणेच मिळत. एकाच ओसरीवर बसलेल्या दोघां भावांपैकीं एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९२३ सालीं प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ याच विषयाचा आहे, आणि त्या कमिशनपुढें त्यांनीं साक्षही दिली होती. परक्या नाण्याशीं आपल्या नाण्याचा दर किती आहे यापेक्षां त्या नाण्यांत घरीं किती जिन्नस मिळतो, हें अधिक महत्त्वाचें, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. याच बाबासाहेबांनीं १९५४ सालीं आमच्या भंडाऱ्यांतून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती व तींत त्यांना अपयश आलें. रुपयावर एवढा अधिकार असलेला पुरुष आमच्या दारीं येऊन गेला. त्याच्या ग्रंथाचें सार आमच्या डोक्यांत वेळेवर शिरलें असतें, तर पुढची हकीकत लिहिण्याची पाळी आली नसती.

आमचे धाकटे बंधु पवनीकडील धानाची शेती पाहतात. त्यांचा मुलगा अभियंता झाला व नागपुरास नोकरी करूं लागला. २०२० सालच्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेस जो महापूर आला, त्याचें पाणी भंडारा शहरांत शिरलें होतें, हें वाचकांस आठवत असेल. त्या पाण्यांत आमच्या घराची मागील मातीची भिंत, कोठीची खोली आणि तिच्यावरचा माळा खालीं बसला. वर्षाचें धान्य भिजलें. तीर्थरूपांच्या हातच्या पोथ्यांपैकीं जेवढ्या उन्हांत वाळवून वांचल्या तेवढ्या वांचल्या. भिंतीच्या जागीं आम्हीं ताडपत्री बांधली. रात्रीं वारा सुटला कीं ती फडफडे, आणि घरांतलीं सर्व माणसें जागीं होऊनही कोणी कांहीं बोलत नसे. अशा एका सकाळीं पुतण्या म्हणाला, “काका, मला परदेशीं जाऊं द्या. दोन वर्षांत भिंत मी बांधतों.”

२०२१ सालीं तो नायजेरियांतील लागोस शहराजवळच्या एका कारखान्यांत गेला. पगार नायरा या तेथील नाण्यांत होता. कराराच्या कागदावर त्या रकमेपुढें कंसांत डॉलरचा आंकडा लिहिलेला होता, आणि आम्हीं सर्वांनीं तो कंसांतील आंकडाच खरा पगार समजून आनंद मानला. मुलगा काटकसरी, राहणें व एक वेळचें जेवण कारखान्याचें. २०२२ च्या दिवाळीपर्यंत त्याच्या बँकेंत ३६ लाख नायरा शिल्लक पडले.

आतां येथें थोडें समजावून सांगावयास हवें. नायजेरियाला परकीय नाणें मिळतें तें मुख्यतः खनिज तेलाच्या विक्रीवर. त्या दिवसांत डॉलरची आवक कमी आणि मागणी अधिक झाली होती. तरीही तेथील मध्यवर्ती बँकेनें डॉलरचा सरकारी दर सुमारें ४५० नायरांच्या आसपास धरून ठेविला होता, आणि रस्त्यावर तोच डॉलर ७५० नायरांच्या आगेंमागें विकला जात होता. रेशनच्या दुकानांतील फळ्यावर साखरेचा भाव स्वस्त लिहिलेला असावा आणि आंत पोतें रिकामें असावें, तशी ही स्थिति. सरकारी दरानें ३६ लाखांचे ८००० डॉलर होत होते, म्हणजे त्या वेळच्या ८२ रुपयांच्या भावानें ६ लाख ५६ हजार रुपये. एवढ्यांत भिंत, कोठी, माळा, सर्व कांहीं झालें असतें. पुतण्यानें बँकेंत अर्ज दिला. अर्जाची पावती मिळाली. डॉलर मात्र मिळाले नाहींत. पुढल्या महिन्यांत या, एवढेंच उत्तर मिळत राहिलें.

याच सुमारास तेथील एका ओळखीच्या गृहस्थानें त्यास एक सोपी वाट दाखविली. “नायरा येथें माझ्या हातांत ठेवा, परवां सकाळीं भंडाऱ्यास तुमच्या घरीं माणूस रुपये मोजून देईल.” यासच हवाला म्हणतात. यांत एकही नाणें सीमा ओलांडीत नाहीं. इकडचा माणूस आणि तिकडचा माणूस आपसांत वह्या जुळवितात. ऐकणाऱ्यास वाटावें कीं, ही आपल्या वडिलांच्या वेळची दर्शनी हुंडीच. पण हुंडी उघड्या पेढीवर, नांवानिशीं, वहींत जमाखर्च घालून चाले. हवाल्यांत नांव लपविणें हाच मुख्य धंदा. आपल्याकडील १९९९ चा परकीय चलनाचा कायदा जून २००० पासून लागू आहे, आणि परवानगी असलेल्या संस्थेखेरीज अन्य मार्गानें परदेशस्थाच्या वतीनें असा पैसा घेणें त्या कायद्यानें मना आहे. गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊं शकतो. शिवाय दारीं येणारे ते रुपये कोणाच्या कसल्या कमाईचे, हें देणारा सांगत नाहीं व घेणाऱ्यास विचारतां येत नाहीं. आम्हीं पुतण्यास स्पष्ट सांगितलें, “असल्या पैशाची भिंत आपणांस नको.” त्यानें ऐकलें. हा सल्ला आम्हांस आजही योग्य वाटतो.

परंतु एक योग्य सल्ला दिला म्हणजे माणसास दुसराही आपलाच सल्ला योग्य वाटूं लागतो. पंधरा दिवसांनीं कारखान्याच्या व्यवस्थापकांनीं परदेशी नोकरांपुढें एक तोड ठेविली. कारखान्याचा कांहीं माल शेजारच्या देशांत जात असे, आणि त्याचे डॉलर कारखान्याजवळ होते. ज्यांस हवें असेल त्यांनीं आपले नायरा द्यावे; ७२० नायरांस एक डॉलर या दरानें कारखाना ती रक्कम बँकेमार्फत त्यांच्या हिंदुस्थानांतील खात्यांत भरील. सर्व व्यवहार उघड, कागदावरचा. ३६ लाखांचे ५००० डॉलर झाले असते, म्हणजे ४ लाख १० हजार रुपये.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आमच्या ओसरीवर यावर विचार झाला. पुतण्या दूरध्वनीच्या कांचेंत दिसत होता. बंधु म्हणाले, “दादा म्हणतील तसें.” आम्हीं पाटी घेऊन गणित मांडलें. सरकारी दरानें ८०००, कारखान्याच्या दरानें ५०००. तोटा ३००० डॉलर, म्हणजे २ लाख ४६ हजार रुपये. “पोराच्या घामाचे अडीच लाख रुपये फुकट कां सोडावे?” आम्हीं विचारलें. “सरकारचा दर ४५० आहे. आज ना उद्यां बँक देईलच.”

आमची गृहिणी माजघराच्या दारांत भाजी निवडीत बसली होती. ती म्हणाली, “मला तुमचें डॉलरचें कळत नाहीं. पण बाजारांत ज्या भावानें वांगीं माझ्या पिशवींत पडतात, त्यास मी भाव म्हणतें. फळ्यावर लिहिलेला भाव पिशवींत घालून घरीं आणतां येत नाहीं. देणारा आज देत आहे, तर घेऊन टाकावें. भिंत अर्धी तरी होईल.”

वाचकहो, आम्ही हंसलों. वांग्यांच्या बाजाराची आणि दोन राष्ट्रांच्या विनिमयाची तुलना आम्हांस त्या वेळीं बालिश वाटली. पुतण्या क्षणभर थांबून म्हणाला, “काकू म्हणते त्यांत तथ्य आहे, काका.” पण त्यानें तें दुसऱ्यांदां म्हटलें नाहीं. आमच्या घरांत वडिलांपुढें एखादी गोष्ट दुसऱ्यांदां म्हणण्याची रीत नाहीं, आणि ती रीत आम्हींच घालून दिलेली होती.

पुढें काय झालें तें सर्वांस वर्तमानपत्रांत वाचावयास मिळालें आहे. २०२३ च्या आरंभीं नायजेरियानें २००, ५०० व १००० नायरांच्या जुन्या नोटा बदलण्यास काढल्या. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ नंतर जें आपण अनुभविलें, तसेंच तेथें झालें. नव्या नोटा पुरेना, आणि बँकेंत शिल्लक असलेलीं माणसें पावासाठीं रांगेंत उभीं राहिलीं. मार्चमध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असा निकाल दिला, तेव्हां कोठें लोकांस श्वास घेतां आला. त्याच वर्षीं जूनमध्यें नव्या सरकारच्या काळांत दर मोकळा सोडण्यांत आला, आणि कांहीं दिवसांतच सरकारी दरच ७५० च्या घरांत गेला. आम्हीं पुन्हा सल्ला दिला, “पडलेलें नाणें उठतें, थोडें थांब.” २०२४ च्या फेब्रुवारींत डॉलर सुमारें १५०० नायरांस गेला. तेव्हां पुतण्यानें आम्हांस न विचारतां बँकेंतून डॉलर घेतले, आणि तें त्यानें बरेंच केलें. ३६ लाखांचे २४०० डॉलर आले. रुपये १ लाख ९९ हजार २००. घेतला असता तर जो ४ लाख १० हजारांचा व्यवहार झाला असता, त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे २ लाख १० हजार ८०० रुपये, आमच्या थांबण्यानें गेले.

आम्ही स्वतःस पुष्कळ दिवस समजावीत होतों कीं, ही हानि धर्मानें वागल्यामुळें झाली. हवाला घेतला नाहीं म्हणून झाली. पण तें खरें नव्हतें. हवाला नाकारला तो धर्म होता. कारखान्याची उघड व कायदेशीर तोड नाकारली, त्यांत धर्माचा प्रश्नच नव्हता. तेथें आम्हांस न मिळणाऱ्या ३००० डॉलरांचा लोभ पडला होता, आणि त्या लोभास आम्हीं गणिताचें व वडीलपणाचें वस्त्र नेसविलें होतें. जो दर मागूनही मिळत नाहीं तो दरच नव्हे, ही साधी गोष्ट आम्हांस कळण्यास पंधरा महिने लागले.

नायऱ्यास तरी कशाला नांवें ठेवावीं? एके काळीं दुबई, कुवेत, बहरीन या बाजूंस आपलाच रुपया चाले, आणि १९५९ सालापासून रिझर्व्ह बँकेनें त्या मुलखासाठीं खास आखाती रुपये काढले होते. ६ जून १९६६ रोजीं आपला रुपया डॉलरास ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर उतरला, आणि तेथील ज्या संस्थानांत तो अजून चालत होता त्यांपैकीं बहुतेकांनीं त्यास निरोप दिला. त्या दिवशीं अमेरिकेंत शिकणाऱ्या ज्या मुलास घरून महिना २०० डॉलर जात, त्याच्या घरीं ९५२ रुपयांचा खर्च एका रात्रींत १५०० झाला. १९९१ च्या जुलैंतही रुपया दोनदां उतरविला गेला. आणि १९७२ सालीं ईदी अमीननें युगांडांतील हिंदी लोकांना ९० दिवसांत देश सोडावयास लाविलें, तेव्हां ज्यांची आयुष्याची कमाई तेथील शिलिंगांत होती त्यांना बरोबर जवळजवळ कांहींच नेतां आलें नाहीं. परक्या देशांतील शिल्लक ही परक्या ओसरीवर वाळत घातलेल्या धान्यासारखी असते. ऊन आहे तोंवर तें भरून घरीं आणावें.

ज्या घरांतील मुलें परदेशीं निघालीं आहेत, त्या घरांनीं पुढील गोष्टी लक्षांत ठेवाव्या, असें आम्हांस वाटतें. पहिली गोष्ट कराराची. पगार कोणत्या नाण्यांत मोजला जाणार आणि कोणत्या नाण्यांत हातीं पडणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कंसांतील आंकड्यावर जाऊं नये. निदान अर्धा पगार डॉलरांत किंवा आपल्या देशांतील खात्यांत मिळावा, असें जाण्यापूर्वींच लिहून घ्यावें. गेल्यावर तें कोणी लिहून देत नाहीं.

दुसरी गोष्ट, ज्या देशाचें नाणें डळमळीत आहे तेथें दोनतीन महिन्यांच्या खर्चापुरतेंच तेथील नाणें जवळ ठेवावें, आणि बाकीचें दर महिन्यास, जो कायदेशीर दर प्रत्यक्ष मिळेल त्या दरानें, बदलून टाकावें. उत्तम दिवसाची वाट पाहूं नये. बारा महिन्यांत बारा वेळां बदलणारा कांहीं वेळां चुकतो. एकदांच बदलणारा चुकला तर साराच चुकतो.

तिसरी गोष्ट, रस्त्यावर कोणी चांगला भाव सांगितला तरी तेथें नोटा हातांत घेऊं नयेत. बँक किंवा परवाना असलेली पेढी गांठावी, पावती घ्यावी, आणि नोटा तेथेंच मोजाव्या. डॉलरची नोट फाटकी, मळकट किंवा फार जुनी असली, तर आफ्रिकेंत पुष्कळ ठिकाणीं तीस बट्टा पडतो अथवा ती कोणी घेतच नाहीं. म्हणून घेतांनाच पारखून घ्यावी. आणि देश कायमचा सोडतांना तेथील नाणें शिल्लक ठेवूं नये. पुतण्यानें आठवण म्हणून आणलेल्या चार नोटा आमच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यांत आहेत. नागपुरांत त्या घेणारा कोणी मिळाला नाहीं.

चौथी गोष्ट, घरीं पैसा पाठवावयाचा तो बँकेमार्फत. अनिवासी भारतीयांसाठीं जें एनआरई खातें असतें, त्यांत परदेशांतील कमाई भरतां येते व पुढें लागल्यास ती पुन्हा परदेशीं नेतां येते. हिंदुस्थानांत येतांना जवळ परकीय नोटा ५००० डॉलरांहून अधिक असतील, किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून १०००० डॉलरांहून अधिक असतील, तर विमानतळावर कस्टम्सपुढें तसें लेखी सांगावें लागतें. येथें कायम राहणाऱ्या माणसानें प्रवासाहून परत आल्यावर २००० डॉलरांपर्यंतच्या परकीय नोटा जवळ ठेवण्यास हरकत नाहीं. त्यावरच्या १८० दिवसांच्या आंत बँकेस किंवा परवानाधारक पेढीस विकाव्या लागतात. असले नियम वेळोवेळीं बदलतात, म्हणून प्रत्येक प्रसंगीं आपल्या बँकेंत विचारून घ्यावें.

पांचवी गोष्ट आम्हां वडीलधाऱ्यांसाठीं. जो मुलगा त्या देशांत राहतो, तेथील रांगेंत उभा राहतो व तेथील भाजी विकत घेतो, त्यास तेथील नाण्याचा अंदाज आपल्याहून अधिक असतो. त्याचें म्हणणें त्याच्याकडून दुसऱ्यांदां वदवून घ्यावें. एकत्र कुटुंबांत एकाचा निर्णय सर्वांच्या पानांत वाढला जातो. तेव्हां निर्णय करणारानें सर्वांचें ऐकावें, आणि स्वयंपाकघराचें आधीं ऐकावें.

तीर्थरूपांच्या काळापासून आमच्या घरांत रोजकीर्दीची वही आहे. पुतण्याचे पैसे आले त्या रात्रीं आम्हीं त्या वहींत २ लाख १० हजार ८०० रुपये स्वतःच्या नांवें टाकले, आणि निवृत्तिवेतनांतून महिना ५००० रुपये भिंतीच्या खातीं जमा करूं लागलों. बेचाळीस महिन्यांहून थोडा अधिक काळ लागेल. बंधूंना हें रुचलें नाहीं. “दादा, आपण परके आहोंत काय?” असें म्हणून त्यांनीं वही ओढून घेतली होती. गृहिणी म्हणाली, “लिहूं द्या त्यांना. लिहिलें म्हणजे झोंप लागेल.” तिचें हेंही म्हणणें खरें निघालें.

२०२४ च्या दिवाळीस पुतण्या घरीं परत आला. तीन वर्षांत तो वाळला होता, पण रागावलेला नव्हता. आम्हीं विषय काढला तेव्हां म्हणाला, “काका, पैसे गेले ते गेले. थांबायचें आपण दोघांनीं मिळूनच ठरविलें होतें.” तें दोघांनीं मिळून ठरविलेलें नव्हतें, हें त्यालाही ठाऊक होतें व आम्हांसही. आतां तो नागपुरास नोकरी करतो व शनिवारीं घरीं येतो. त्यानें आणलेल्या रकमेंत भिंत आणि कोठीची खोली झाली. माळा राहिला आहे. नवी भिंत विटांची आहे, आणि जोत्याची उंची पुराच्या खुणेहून हातभर वर घेतली आहे. विटा घेण्याच्या दिवशीं गवंड्यानें विचारलें, कोणता भाव धरावयाचा? आम्हीं त्यास माजघराकडे पाठविलें.